मॅथ्स सोडू का? शेळ्यांची वही ठेवणाऱ्या मुलीला उत्तर

बार्शी तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. मुलीची नुकतीच दहावी झालीय, सेमी इंग्लिश, ८८ टक्के, सायन्सला ९३ आणि मॅथ्सला ७१. पत्र तीन पानी आहे, सगळं देत नाही, पण मुद्द्याचं तिच्याच शब्दांत देते:

"मॅडम, आण्णा म्हणतात लातूरला टाकतो, दोन वर्षं घास आणि डॉक्टर हो. चुलतभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो पीसीएम घे, बायोत नुसतं पाठांतर आहे आणि नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) निघाली नाही की हातात काहीच राहत नाही. शाळेतले सर म्हणाले दोन्ही ठेव. मैत्रीण म्हणते मॅथ्स सोड, डोक्याचा ताप जाईल. मला मॅथ्सची भीती वाटते, प्रिलिमला भूमितीत ४० पैकी २१ पडले होते. खरं तर मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय पण घरात बोलायची हिंमत नाही. २०२२ ला लंपीत आमची खिलार गाय गेली तेव्हापासून डोक्यात आहे. आमच्याकडे अकरा शेळ्या आहेत, मी त्यांची वही ठेवते, दर महिन्याचं वजन, जंताचं औषध किती दिलं, कुठली कधी व्याली. मी कुठला ग्रुप घेऊ? मॅथ्स सोडलं तर नंतर पस्तावेन का?"

बाळा, आधी उत्तर देते, कारण अ‍ॅडमिशनला दिवस थोडे राहिलेत. बायो घे आणि मॅथ्स पण ठेव. पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही. अकरावीचं वर्ष तरी असं काढ. तुझे सर बरोबर सांगतायत, फक्त का ते त्यांनी सांगितलं नसावं, नाहीतर तू मला लिहिलंच नसतंस. ते मी सांगते.

मैत्रिणीचं म्हणणं आधी घेऊ, मॅथ्स सोडलं की ताप जातो हे. हे मी २४ वर्षं ऐकतेय, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते ना, जून-जुलैमध्ये स्टाफरूमच्या दारात हेच चालू असतं. पण यात एक गोष्ट कुणी सांगतच नाही. आपल्या बोर्डाला सायन्सला सहा विषय असतात. इंग्लिश, मग दुसरी एक भाषा नाहीतर तिच्या जागी आयटी, मग फिजिक्स, केमिस्ट्री, आणि वर अजून दोन. ते दोन म्हणजे मॅथ्स आणि बायो, किंवा त्यातला एकच आणि जोडीला भूगोल, सायकॉलॉजी, त्या कॉलेजात जे काही असेल ते. म्हणजे मॅथ्स सोडलंस तरी विषय सहाच्या सहा राहतात, मॅथ्सची जागा दुसरा कुणीतरी घेतो. सोपा म्हणून घेतलेला तो विषय वर्षभर कुणी उघडत नाही आणि बारावीच्या फेब्रुवारीत त्याची पण धावपळ होते. ताप गेला असं मुलांना वाटतं ते पहिले दोन महिने. बायफोकल म्हणून अजून एक प्रकार असतो, २०० मार्कांचा एकच धंदेशिक्षणाचा विषय, तो दुसरी भाषा आणि मॅथ्स-बायोपैकी एक अशी दोघांची जागा खातो. काही ठरावीक कॉलेजांत त्यात क्रॉप सायन्स, अ‍ॅनिमल सायन्स अँड डेअरी असं पण असतं आणि ते नाव वाचून तुझे डोळे चमकतील मला माहितीय, पण ते घेतलंस तर मॅथ्स गेलंच म्हणून समज. जनावरांचं शिकायला तुला पुढे साडेपाच वर्षं आहेत, ती घाई आत्ता नको.

आता भीतीबद्दल. २१ मार्क भूमितीत पडले. दहावीची भूमिती म्हणजे पक्ष, साध्य, सिद्धता, प्रमेय लिहून दाखवा. ज्यांना ते जमलं नाही अशी कितीतरी मुलं माझ्यासमोर अकरावी-बारावीला मॅथ्समध्ये छान पुढे गेलीत, कारण तिथे भूमिती बरीचशी समीकरणात येते, रेषेचं समीकरण, वर्तुळाचं समीकरण, आणि बाकी मग ट्रिगोनोमेट्री, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, लिमिट, डेरिव्हेटिव्ह असं वेगळंच काहीतरी असतं जे तू अजून बघितलेलंच नाहीस. न बघितलेल्या गोष्टीची भीती आहे ही. आणि अल्जेब्राबद्दल तू पत्रात एक ओळही तक्रारीची लिहिली नाहीस, ते मी बघून ठेवलंय.

आणि तुझी ती वही. तू ती सहज लिहून टाकलीस पत्रात, एका वाक्यात, आण्णा आणि चुलतभावाच्या मध्ये कुठेतरी. मी ते वाक्य तीनदा वाचलं. समजा एका औषधाचा डोस किलोला १० मिलिग्रॅम आहे, बाटलीत एका मिलीला २५ मिलिग्रॅम औषध आहे आणि शेळी २० किलोची आहे. २०० मिलिग्रॅम पाहिजे म्हणजे ८ मिली. (हे नुसतं हिशोबापुरतं, खरा डोस डॉक्टरला विचारूनच.) तू दर महिन्याला वजन मांडतेस, मागच्या महिन्याशी ताडून बघतेस, कुठलीचं घटलं ते तुझ्या लक्षात येतं. मॅथ्समध्ये कच्ची असलेली मुलगी हे करत नाही गं, तिला ते सुचतच नाही. तुझं मॅथ्स चांगलं आहे, भूमितीच्या पेपरात ते दिसलं नाही एवढंच झालं.

आता माझ्या विषयाचं, म्हणजे फिजिक्सचं, आणि इथे मी थोडं जास्त बोलणार आहे कारण मुलांचं खरं नुकसान इथे होतं. नीटचा पेपर ७२० मार्कांचा, १८० प्रश्न. त्यात बायोचे ९० प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५, फिजिक्सचे ४५. बरोबर आलं तर ४ मार्क, चुकलं तर १ वजा. म्हणजे अर्धा पेपर बायोचा आणि अर्धा फिजिक्स-केमिस्ट्रीचा. बायोची मेहनती मुलं बायोत साधारण सगळीच मार्क काढतात, तुझ्यासारखी तर काढणारच, मग नंबर लागतो का नाही ते ठरतं कुठे, तर फिजिक्समध्ये. आणि अकरावीचं बोर्डाचं फिजिक्सचं पुस्तक उघडून बघ, दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्स आहे, व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची तोंडओळख. ज्यांनी मॅथ्स ठेवलंय त्यांना हे शेजारच्या तासाला वेगळं, सावकाश, उदाहरणं सोडवून शिकवलं जातं, आणि ज्यांनी सोडलंय त्यांना माझ्याकडून त्या एका धड्यात जे मिळेल तेवढंच. पुढे बारावीत पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स येतो तेव्हा वर्गात दोन गट सरळ दिसतात मला, एका गटाला प्रश्न फिजिक्सचा अवघड जातो आणि दुसऱ्या गटाला फिजिक्सपर्यंत पोचताच येत नाही, ते साइन-कॉसमध्येच अडकलेले असतात. केमिस्ट्रीत पण पीएच आला की लॉग आला, रिअ‍ॅक्शनचा वेग आला की पुन्हा लॉग. बायोत सुद्धा मेंडेलचं ते ९:३:३:१, ते पाठ करायची गरजच नाही, ३:१ ला ३:१ ने गुणलं की येतं, ती प्रोबॅबिलिटीच आहे. मॅथ्स सोडून नीट सोपी होते हे मला आजपर्यंत दिसलेलं नाही. मॅथ्स न घेता नीट काढणारी मुलं आहेत, भरपूर आहेत, पण त्यांनी ते गणित कुठेतरी, क्लासमध्ये नाहीतर रात्री एकट्याने, शिकून घेतलेलंच असतं.

एक गोष्ट सांगते जी मला अजून लागून राहिलीय. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे असंच विचारायला आली होती, मॅथ्स सोडू का, आणि मी कामात होते, मी म्हणाले नीटच करायचीय ना मग सोड. दोनदा नीट दिली, थोडक्यात राहिली. मग बीएस्सीला गेली, तिथे जेनेटिक्स मनापासून आवडलं, पुढे त्यातच रिसर्च करायचा होता, आणि आता जेनेटिक्सचं काम म्हणजे निम्मं डेटाचं काम आहे, तिथे स्टॅटिस्टिक्सपाशी ती अडली आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी अकरावीचं पुस्तक घेऊन बसली. तिने ते केलं, पार पडली, पण त्यात तिची दोन वर्षं माझ्या एका वाक्याने गेली. तेव्हापासून मी कुणालाही दारात उभं राहून सल्ला देत नाही, बसवून घेते.

चुलतभाऊ अर्धं बरोबर बोलतोय. २०२५ ला नीट दिली २२ लाखांच्या आसपास मुलांनी आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात, हे आकडे घरात सगळ्यांनी एकदा शांतपणे ऐकायला पाहिजेत. पण "नीट निघाली नाही की हातात काहीच नाही" हे मात्र चूक. सीईटी असते, आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा, तिचा पीसीबी ग्रुप देता येतो, त्यावर फार्मसी होते, बीएस्सी अ‍ॅग्री होते, राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चार कृषी विद्यापीठं आहेत आणि तुझ्या घरचा सात-बारा आहे म्हणतेस तर त्याचा अ‍ॅग्रीच्या अ‍ॅडमिशनला जास्तीचा भारांक पण मिळतो. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर. नर्सिंग आहे, बायोटेक आहे. आणि मॅथ्स ठेवलंस तर याच्यावर अजून इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, कम्प्युटरवाले बीएस्सी, एनडीएतून नेव्ही-एअर फोर्स, हे सगळं उघडं राहतं, सीईटीचे तर दोन्ही ग्रुप एकाच वर्षी देता येतात. पुण्यात आयसर आहे, २००६ साली निघालेली, नुसत्या सायन्सला वाहिलेली संस्था. तिची प्रवेश परीक्षा ६० प्रश्नांची, बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स प्रत्येकी १५. बारावीला चारातले तीन विषय असले तरी बसता येतं, पण पेपर चारही विषयांचा सोडवायचा असतो, म्हणजे ज्याने मॅथ्स सोडलं त्याचा पाव पेपर घरीच राहिला. तुझ्यासारखी वही ठेवणारी मुलगी तिथे शोभेल, हे नाव आत्ता नुसतं कानावर असू दे.

मॅथ्स सोडावं असं मी कुणालाच म्हणत नाही असं नाही. ज्याला साधं समीकरण सोडवतानाही हात थरथरतात, ज्याचं दहावीचं मॅथ्स काठावर सुटलंय, आणि ज्याला मनापासून वनस्पती-प्राणी-शरीर यातच राहायचंय, त्याला मी सोड म्हणते, आणि निर्धास्त सोड म्हणते, कारण त्या मुलाचा निम्मा वेळ आणि सगळा आत्मविश्वास त्या एका विषयात जातो. किंवा दिवाळीपर्यंत प्रामाणिकपणे करून बघितलं आणि रोज रडूच येतंय, तर सोडावं. तू त्यात बसत नाहीस, पण उद्या बसलीस तर त्यात लाज नाही. फक्त एवढं लक्षात ठेव की आधी घेऊन मग सोडणं सोपं, आधी सोडून मधूनच घेणं फार अवघड. विषय बदलायची शेवटची तारीख काय ते अ‍ॅडमिशनच्या दिवशीच ऑफिसात विचारून वहीत लिहून ठेव, प्रत्येक कॉलेज वेगळं सांगतं.

आता आण्णा. मला वाटतं तुझ्या पत्रात सगळ्यात जड गोष्ट ही आहे, ग्रुपचं तर निमित्त आहे. पण एक गंमत तुझ्या लक्षात आलेली नाही. आण्णांना नीट पाहिजे. आणि आपल्याकडे बीव्हीएस्सीला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीला, अ‍ॅडमिशन पण नीटच्याच मार्कांवर होते. माफसू म्हणून नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आहे, त्याच्याखाली मुंबईत परळचं कॉलेज आहे, १८८६ पासूनचं, मग नागपूर, परभणी, शिरवळ, आणि उदगीर, जे यातलं तुला सगळ्यात जवळचं. प्रवेशाच्या फेऱ्या माफसू वेगळ्या घेतं, त्याचा फॉर्म पण वेगळा भरायचा असतो, हे विसरून नीटला चांगले मार्क असलेली मुलं दरवर्षी राहतात. कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. एमबीबीएसला लागतात तेवढे मार्क सहसा लागत नाहीत. म्हणजे पुढची दोन वर्षं आण्णांचा रस्ता आणि तुझा रस्ता एकच आहे. भांडण आज करायची गरजच नाही.

तरी पण सांग त्यांना, आणि आत्ताच सांग. कारण भांडण आज नसलं तरी नीटच्या रिझल्टच्या दिवशी होईल, तुला उदगीर मिळत असेल आणि ते म्हणतील एक वर्ष रिपीट कर, एमबीबीएसच पाहिजे. त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलंस तर त्यांना वाटेल मार्क कमी पडले म्हणून ही जनावरांचं म्हणतेय. आज सांगितलंस तर तसं वाटणार नाही. कसं सांगायचं ते पण सांगते, वाद घालू नकोस, वही पुढे ठेव. लंपीच्या वेळचं आठवण करून दे, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची वाट बघत तुम्ही सगळे गोठ्यात बसला होतात ना, तू लिहिलंयस तसं. आण्णा शेतकरी आहेत, जनावराचा डॉक्टर म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांना बहुतेक एवढंच माहीत नसेल की ती पण पाच-साडेपाच वर्षांची डॉक्टरकीच आहे आणि पशुधन विकास अधिकारी हे पद एमपीएससीतून भरलं जातं. आणि पैशाची काळजी असेल तर हे सांग की २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे, राज्याच्या अ‍ॅडमिशन प्रक्रियेतून गेलं की. त्याला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, असली कागदं लागतात, ती आत्तापासून काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांग असते.

लातूरबद्दल. जाऊ नकोस म्हणणार नाही, लातूर पॅटर्नमधून शेतकऱ्यांची, शिक्षकांची कितीतरी मुलं डॉक्टर झालीत आणि तिथली शिकवण्याची मेहनत खरी आहे. पण लातूर असो, बार्शी असो नाहीतर सोलापूर, मला खुपतं ते इंटिग्रेटेड प्रकरण. नाव एका कॉलेजात, मुलगी दिवसभर क्लासच्या हॉलमध्ये, आणि कॉलेजची पायरी प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात चढायची. बोर्डाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिन्हीला ३०-३० मार्कांचं प्रॅक्टिकल आहे, म्हणजे ९० मार्क, आणि ते मार्क मिळतात पण हात कोरा राहतो. मी परीक्षक म्हणून जाते तेव्हा विचारते, व्हर्नियर दाखव, लीस्ट काउंट सांग, तर मुलगा व्हर्नियर उलटा धरतो आणि जर्नल मात्र सुंदर अक्षरात पूर्ण, सगळी एका रात्रीत उतरवलेली. तू उद्या जनावराच्या अंगात सुई घालणार आहेस. कांद्याच्या मुळाची स्लाइड बसवताना काच फोडणं, टायट्रेशनला एक थेंब जास्त पडून सगळं गुलाबी होणं, परत पहिल्यापासून करणं, हे सोळाव्या वर्षी तुझ्या हाताला मिळायला पाहिजे. म्हणून आण्णांना घेऊन कॉलेज बघायला जा, आणि ऑफिसात नको, लॅबमध्ये जा. मायक्रोस्कोपवर धूळ आहे का बघ. तिथल्या एखाद्या बारावीच्या मुलीला बाजूला घेऊन विचार की गेल्या महिन्यात प्रॅक्टिकल किती झाली, ती खरं सांगेल. क्लास लावायचाच तर वेगळा लावा, ज्या कॉलेजात तास खरंच होतात तेच घ्या. आणि दीड-दोन लाख फी भरायच्या आधी लेखी विचारा की मध्येच सोडलं तर किती परत. हॉस्टेलला राहायचं ठरलं तर आईशी रोज बोलायचं, टेस्टला मार्क कमी पडले त्या दिवशी तर नक्की. हे मी हलक्यात लिहीत नाहीये.

फॉर्मचं थोडक्यात. आता अकरावीची अ‍ॅडमिशन सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, १० पर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने देता येतात, आणि पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर तिथे घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या नंबरला नुसतं नाव मोठं म्हणून काही टाकू नकोस. फॉर्ममध्ये सायन्स निवडायचं, ग्रुप कॉलेजात जाऊन ठरतो, म्हणून आधीच फोन करून विचार की पीसीएमबीची तुकडी आहे का, मॅथ्स आणि बायोचे तास एकाच वेळी तर लागत नाहीत ना, आणि तुकडी अनुदानित आहे का, कारण फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

इंग्लिशचं तू शेवटी घाईत लिहिलंस की तास पूर्ण इंग्लिशमध्ये असतात म्हणून धडकी भरते. तू सेमीची आहेस, शब्द तुला माहीत आहेत, फक्त वेगाने ऐकायची सवय नाही, ती गणपतीपर्यंत होते. माझ्या वर्गात पूर्ण मराठी माध्यमाची मुलं येतात त्यांना जरा जास्त, दिवाळीपर्यंत लागतं, पण होते. समजलं नाही तर तासाला हात वर करून मराठीत विचार, बहुतेक शिक्षक मराठीतच उत्तर देतात. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, इंग्लिश सोबत असतंच, पण दोन वर्षं सगळं इंग्लिशमधून वाचल्यावर तिथले मराठी शब्द उलट परके वाटतात, म्हणून तो पर्याय निवडायच्या आधी एखादा जुना पेपर त्या भाषेत सोडवून बघ.

आता कॉलेज सुरू व्हायच्या आधी मिळतील तेवढे दिवस, पंधरा तरी मिळतील, एक काम कर. बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट आहेत, चुलतभावाला सांग डाउनलोड करून द्यायला, तेवढं करेल तो. मॅथ्सचा पहिला भाग, पहिला धडा, अँगल अँड इट्स मेजरमेंट. फिजिक्सचा तो दुसरा धडा. बायोचा पहिला, लिव्हिंग वर्ल्ड. रोज सकाळी शेळ्यांचं आवरून झालं की तास-दीड तास, कुणाच्या मदतीशिवाय. सगळं समजायला पाहिजे असं नाही, समजणारही नाही. फक्त हे बघ की गणित अडलं तेव्हा तू काय केलंस. पुस्तक मिटून उठलीस, का पाणी पिऊन परत बसलीस. दुसऱ्या दिवशी ते परत उघडावंसं वाटलं का. रोज दोन ओळी लिहून ठेव त्याच वहीत, मागच्या पानांवर. तुझे ७१ मार्क आणि माझं हे सगळं पत्र यापेक्षा त्या दोन ओळींवर माझा जास्त विश्वास बसेल, आणि त्या वाचून तुला वाटलं की मॅडम चुकल्या, तर तसं मला कळव, मी परत विचार करेन.

आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक दिवस जाऊन बस. सकाळी गर्दी असते, दुपारी जा. डॉक्टरांना सांग की मला हे शिकायचंय, मी बसून बघू का. बहुतेक हो म्हणतील. जाताना वही ने आणि ज्या शेळीचं वजन सलग दोन महिने घटलंय म्हणून तू लिहिलंस तिचं पान त्यांना दाखव. मी फिजिक्सची बाई, मला त्यातलं कळत नाही, पण ते पान वाचून मलाच काळजी वाटली. ती शेळी गाभण आहे का ते तू लिहिलं नव्हतंस, डॉक्टर पहिलं तेच विचारतील बघ.